मडक्यातला स्टिरिओ आणि भाऊजींची शपथ

माझ्या सख्ख्या बहिणीचा संसार मी दोन मडकी, अर्धा किलो गूळ आणि एक मोडका टेप एवढ्याच साहित्यात मोडत आणला होता.

ही नव्वदच्या दशकातली, सुरतेच्या लिंबायतमधली गोष्ट. मी तिथल्या मराठी शाळेत विज्ञानाचा मास्तर. परीक्षेच्या वर्गावर पहारा करून करून माझा स्वभाव जरा संशयी झालेला. पोरगं खोकलं तरी मला वाटायचं, हा उत्तर सांगतोय! (बायको म्हणते, स्वभाव आधीपासूनच तसा होता, नोकरी नंतर लागली.)

माझी धाकटी बहीण कुसुम दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचे यजमान सुकदेवभाऊजी स्वतःचा ट्रक चालवायचे. लिंबायतच्या मागांवरचं कोरं कापड भरायचं आणि कडोदऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये नेऊन टाकायचं. माणूस सोन्यासारखा, पण संध्याकाळ झाली की घसा कोरडा पडायचा. गुजरातेत दारूबंदी आहे, हे ज्यांना ठाऊकच नव्हतं अशा थोड्या लोकांपैकी ते एक!

श्रावणात तिच्या घरी आम्हा खानदेशींची कानबाई बसली, तेव्हा कुसुमने त्यांना देवीसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. वर आम्हा सगळ्यांसमोर आमच्या अहिराणीत माहेरी जायची धमकी दिली, "परत वास उना ना, तर मी पोऱ्हेसले लिसन अमळनेरले निंघी जासू!"

मी पुढे झालो. "कुसुम, मी जामीन. आणि भाऊजी, सहा महिने थेंबाला शिवला नाहीत, तर तुमच्या ट्रकमध्ये मी स्टिरिओ बसवून देईन!"

भाऊजींचे डोळे चमकले. त्या खटाऱ्यात हॉर्नही धड वाजत नव्हता, तिथे स्टिरिओ! आणि काय सांगू, फाल्गुन उजाडला तरी माणूस कोरडा ठणठणीत. आता पाळी माझी होती.

तयार स्टिरिओ घ्यायला मी दुकानात गेलो. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. उगाच कोण हसतं? फसवायचा विचार असणार! मी तसाच परत फिरलो आणि ठरवलं, स्टिरिओ घरीच बनवायचा. एवढं विज्ञान शिकलो ते कशासाठी? घरात झाकण तुटलेला टेप होता, जुन्या रेडिओंचे दोन स्पीकर होते. खोकी करायला सुतार लागला असता, म्हणून मी दोन मडकी घेतली आणि त्यांच्या तोंडावर स्पीकर ठेवले. (हसू नका. तेव्हा सुरतेतले निम्मे पानवाले मडक्यातूनच गाणी ऐकवत.)

पण आवाज असा घुमायला लागला, की गाणारा विहिरीत पडलाय आणि मदत मागतोय! म्हणजे मडक्यांना आतून जाड अस्तर हवं. जुन्या बांधकामात चुन्यात गूळ घालत, हे मी कुठेतरी वाचलं होतं. गूळ घरात होता, बारडोलीचा, चांगला मऊ. चुना विकत आणावा लागला असता, म्हणून तो वगळला. शेजारच्या कारखान्यातून सुताला लावायची पिठाची खळ बादलीभर फुकट मिळाली. खळ, गूळ, गव्हाचा कोंडा आणि चिंध्या असा लगदा कालवून मी दोन्ही मडक्यांत अर्ध्यापर्यंत थापला.

बायको म्हणाली, "अहो, सुकू तरी द्या. मुंग्या लागतील."

"मुंग्या? शिरतीलच कशा?" म्हणून मी ओल्यावरच स्पीकर पक्के चिकटवले आणि बाहेरून मडक्यांना हिरव्या ऑइलपेंटचे तीन हात मारले. वायरीपुरतं प्रत्येकी एक बारीक भोक सोडलं. मुंगीला वाट म्हणून ठेवली नाही.

त्या ट्रकचं इंजिन केबिनच्या आतच होतं. त्याच्या झाकणावर सकाळी चहा ठेवला तर दुपारपर्यंत गरम राही. त्या झाकणाच्या दोन बाजूंना मी दोन मडकी बांधली, टेपची वायर बॅटरीला जोडली आणि बटण दाबलं. काय आवाज! गल्ली गोळा झाली. भाऊजींनी माझे हात हातात घेतले. "मास्तर," ते म्हणाले, "आजवर माझ्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं." मी मोठ्या मनाने खांदे उडवले.

आठवड्याने कुसुम धापा टाकत माझ्या दारात!

"भाऊ, गाडीमा दारूना वास ई राह्यना! त्यास्ना कपडासले बी!"

मी ताडकन उठलो. जामीन ना मी! थेट ट्रक गाठला, केबिनमध्ये डोकं घातलं आणि खोल श्वास घेतला. आंबूस, गोडसर, डोक्यात जाणारा वास. शंकाच नको!

"भाऊजी, तोंड उघडा. फुंकर मारा."

त्यांनी मारली. कांदा आणि बडीशेप.

"बडीशेप? बडीशेप कशासाठी खाल्लीत?"

"जेवलो म्हणून."

"आणि भरदिवसा जेवलात कशासाठी?"

"मास्तर, भूक लागली होती!"

उत्तर फार पटकन आलं. पटकन येणारं उत्तर पाठ केलेलं असतं, हा माझा वर्गातला अनुभव. मी झडती सुरू केली. सीटखाली पाहिलं, पान्यांची पेटी उपसली, जादा टायर ठोकून पाहिला, डिझेलच्या टाकीत काठी घालून काठीचा वास घेतला (दिवसभर डोकं दुखलं). बाटली कुठेच नाही! म्हणजे भाऊजी किती पोचलेले! दोन मडकी तेवढी तपासली नाहीत. ती माझी होती. आपल्या वस्तूवर कोण संशय घेतो?

पुढचे पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ भाऊजींना फुंकर मारायला लावली. शाळेत जाताना एक, येताना एक. ट्रकमधला वास रोज वाढत होता आणि तोंडाला मात्र कधी कांदा, कधी मुळा. त्यातून ते ट्रक चालवताना गुणगुणत, एकटेच हसत. शुद्धीतला माणूस एवढा खूश असतो का? पाचव्या दिवशी फुंकर मारून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मास्तर, कुसुमचा विश्वास नाही, ते मी समजतो. तुम्ही तरी विश्वास ठेवा." क्षणभर मला ते पटलंही. मग वाटलं, हीसुद्धा युक्तीच असेल.

रविवारी कुसुमने ट्रंक भरली. दुपारच्या गाडीने अमळनेर. मी तिला म्हटलं, "थांब. आज मी ट्रकमध्ये बसून जातो आणि चोर मुद्देमालासकट पकडून आणतो. तोवर हलू नको."

निघालो. ऊन रणरणत होतं. केबिनमध्ये वास एवढा, की मलाच गुणगुणावंसं वाटू लागलं. वाटेत भाऊजींनी ट्रक थांबवला आणि झाडामागे गेले. मी चवड्यांवर मागोमाग! ते वळले, मी समोर.

"मास्तर, इथेसुद्धा?"

मी मान खाली घालून परत आलो. मग लक्षात आलं की डाव्या मडक्यातून 'फुस्स, फुस्स' असा आवाज येतोय. वायरीच्या भोकातून हवा जात होती. अच्छा! म्हणून आवाजात दम नाही होय! खिशात शाळेच्या प्रयोगातली मेणबत्ती होती. ती उन्हाने मऊ झालेली. मी दोन्ही मडक्यांची भोकं मेण दाबून गच्च बुजवली. काम कसं नीट झालं पाहिजे!

कडोदऱ्याचा चौक आला. माझा धीर सुटला. मी भाऊजींकडे बोट रोखलं आणि ओरडलो, "बस झालं सुकदेवराव! कबूल करा! बाटली कुठे आहे?"

धडाम!

डाव्या मडक्याचा स्पीकर उडून छताला आपटला. मागोमाग फसफसणारा, तपकिरी, आंबलेला लगदा थेट माझ्या तोंडावर! भाऊजींनी करकचून ब्रेक मारला. त्या धक्क्याने उजवं मडकं उडालं, तेही माझ्याच अंगावर. भाऊजींवर एक शिंतोडा नाही. कानबाईची कृपा, दुसरं काय!

चौकातला हवालदार धावत आला. त्याने दार उघडलं, नाक दाबलं आणि हे काय म्हणून सुरती गुजरातीत ओरडला.

"हुं छे आ?"

आधी त्याने भाऊजींना फुंकर मारायला लावली. पाच दिवसांच्या सरावाने त्यांनी ती सुरेख मारली. "ड्रायव्हर तो चोख्खो छे," हवालदार म्हणाला आणि माझ्याकडे वळला. माझ्या मिशांवरून फेस ओघळत होता. "अने आ कोण?"

"साहेब, आ मारो साळो. निशाळमां मास्तर छे."

"मास्तर!" हवालदाराने हळहळून मान हलवली. मग मडक्यात डोकावला. "आ तो भठ्ठी छे! चालती भठ्ठी! चालो चोकीए!"

दारूची भट्टी चालवणारा विज्ञानाचा मास्तर! नोकरी गेली, अब्रू गेली. तेवढ्यात भाऊजी खाली उतरले आणि हवालदारासमोर हात जोडून उभे राहिले.

"साहेब, ए पीता नथी. हुं जामीन छुं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं लगद्यानेही आलं असेल.) त्यांनी हवालदाराला चिंध्या दाखवल्या, फाटका स्पीकर दाखवला, टेप दाखवला. हवालदार इतका हसला की त्याची टोपी पडली. मडकी तिथेच फोडायला लावून त्याने आम्हाला सोडलं.

ट्रक पुन्हा चालू झाला. भाऊजींनी गिअर टाकला. मग म्हणाले, "मास्तर, एक विचारू? गूळ, पीठ, ओल, ऊब आणि वर बूच. याचं काय होतं, हे तुमच्या शाळेत शिकवत नाहीत का?"

शिकवतात. आठवीला. त्याच आठवड्यात मीच शिकवलं होतं.

"भाऊजी, माझं चुकलं," मी म्हटलं. त्यांनी फक्त आपला रुमाल पुढे केला.

घरी कुसुम ट्रंकेवर बसली होती. ती उठली, नवऱ्याजवळ आली, वास घेतला. नाही. पुन्हा घेतला. नाही! तिचा चेहरा उजळला. मग ती माझ्याकडे वळली आणि तीन पावलं मागे सरली.

"भाऊ! तू बी?"

मी सगळं समजावून सांगितलं. मडकी, गूळ, मेण, हवालदार. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पेयेल माणूस असंच सांगस."

ट्रंक उघडली गेली, याचा मला आनंद आहे. पण त्याआधी मला हातपाय धुवायला लावून कानबाईच्या देव्हाऱ्यासमोर उभं करण्यात आलं आणि जन्मात थेंबाला न शिवलेल्या माझ्याकडून दारू सोडल्याची शपथ घेण्यात आली. जामीन म्हणून भाऊजी पुढे झाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, घाबरू नका. सहा महिने थेंबाला शिवला नाहीत, तर तुमच्या सायकलीला मी रेडिओ बसवून देईन. दुकानातला!"