सिग्नलचा उजवा हात

सतरा वर्षं तो एकाच क्लबातून बचावपटू म्हणून फुटबॉल खेळला, आणि सतरा वर्षांत त्याच्या पायांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नाव झालं ते उजव्या हाताचं. म्हणून सगळे त्याला सिग्नल म्हणत. त्याची बायकोसुद्धा रागावली की सिग्नलच म्हणायची.

ज्यांनी आयुष्यात कधी फुटबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे पास सुटतो त्या क्षणी हल्ला करणारा खेळाडू बचावाच्या शेवटच्या माणसाच्याही पुढे उभा असेल, तर तो ऑफसाइड. मग त्यानं गोल मारला तरी धरत नाहीत. हे ठरवतो कडेनं झेंडा घेऊन पळणारा लाइनमन. बचावपटूनं फक्त हात वर करून बोंब मारायची. सगळेच मारतात. खरं काय नि खोटं काय, हे ज्याचं त्याला ठाऊक.

एकोणिसाव्या वर्षी तो क्लबात आला तेव्हा कोच म्हणाले होते, "पायांचं मागाहून बघू. आधी हात वर करायला शीक." तो इतका शिकला की हात त्याला न विचारताच वर जाऊ लागला. दवाखान्यात कुणी रांग मोडून पुढे सरकलं की हात वर. न्हाव्याकडे त्याच्या आधी कुणी खुर्चीत बसलं की हात वर. मुलीच्या शाळेत बाई म्हणाल्या, "पालक समितीचं काम कोण बघणार?" आणि मागून कुणीतरी उठून पुढे चालू लागलं. सलग तीन वर्षं समिती त्याच्याच गळ्यात पडली.

"अहो, एखादा दिवस तो हात घरी ठेवून जात जा," बायको म्हणायची.

क्लबातल्या पंधराव्या वर्षी एका सामन्यात विपरीत घडलं. चेंडू पार पलीकडच्या गोलपाशी होता. इकडे सिग्नलच्या डोक्याभोवती एक मधमाशी घोंगावत होती, म्हणून त्यानं तिला हाकलायला हात वर केला. लाइनमनचा झेंडा ताडकन वर गेला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्यानं गंमत म्हणून हात खाली घेतला, झेंडा खाली आला. पुन्हा वर केला, झेंडा वर. रेफरी बिचारा शिट्टी तोंडात धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

सामना संपल्यावर सिग्नल लाइनमनच्या खोलीत गेला. खोली कसली, एक बाक, एक टेबल आणि भिंतीवर खुंट्या. हे लाइनमन वयानं मोठे, सगळे त्यांना काका म्हणत. दार वाजलं तसे काका खुंटीवरच्या कोटाकडे वळून म्हणाले, "या, बसा ना."

"काका, मी इकडे आहे."

काका बाक चाचपत खाली बसले. "दोन वर्षं झाली रे. जेमतेम पायापुढचं दिसतं, पुढे सगळं धुकं. त्यात तुझा हात तेवढा कळतो. लांब आहे ना."

"अहो, पण तुम्ही झेंडा माझ्या हातावर देता? हात तर सगळेच वर करतात!"

"बाकीचे लबाड आहेत," काका म्हणाले. "तू नाहीस."

सिग्नल पट्टीचा लबाड होता. त्या दिवशीच्या सामन्यात त्यानं नऊ वेळा हात वर केला होता आणि त्यातले आठ हात शुद्ध थापा होत्या. पण असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही.

"कुणाला सांगू नकोस," काका म्हणाले. "मैदान सुटलं तर घरी बसून भिंती बघाव्या लागतील. आणि त्याही धड दिसत नाहीत."

झालं. त्या दिवसापासून सिग्नलवर खरं बोलण्याची पाळी आली. हात म्हणजेच निकाल, मग खोटा वर करायचा कसा? त्यानं स्वतःचे डोळे तपासून घेतले, कारण आता त्या दोन डोळ्यांवर चार डोळ्यांचा कारभार होता. जेवणाच्या टेबलावर काडेपेट्यांच्या रांगा मांडून तो सराव करी. बायको वाटी पुढे सरकवी आणि हा टेबलाला गाल टेकवून म्हणे, "थांब, वाटी ऑफसाइड आहे."

मैदानावर कोचचा घसा बसायची वेळ आली. "हात वर कर! हात!"

"नव्हता तो ऑफसाइड."

"तुला विचारलंय का कुणी?"

त्यानं मागचा-पुढचा विचार केला नाही. दोन हंगाम त्याचा हात एकदाही खोटा वर गेला नाही. त्याचं फळ मिळालं काकांना. लीगनं त्यांना सर्वांत तीक्ष्ण नजरेचे लाइनमन म्हणून ढाल दिली. ती घ्यायला ते मंचावर गेले आणि पाहुण्यांऐवजी माइकच्या दांड्याशी हस्तांदोलन करून आले. लोकांना वाटलं, काका मिश्कील आहेत.

मग आला सतराव्या वर्षातला शेवटचा सामना. हरला तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार, बरोबरीही चालणार होती. शेवटचं मिनिट आलं तरी एकही गोल नव्हता. तेवढ्यात समोरून लांब पास सुटला आणि त्यांचा पुढचा खेळाडू सिग्नलच्या खांद्यामागून निसटला. सिग्नलनं पाहिलं, की पास सुटताना त्याचा गुडघा आपल्या गुडघ्याच्या बरोबरीत होता. ऑफसाइड नाही.

क्लबचे दहाच्या दहा हात वर गेले. गोलकीपरनं तर दोन्ही केले. स्टेडियम ओरडत होतं. काका सिग्नलकडे बघत होते. हात वर जायला धडपडत होता, म्हणून सिग्नलनं चड्डीची कड मुठीत गच्च धरून ठेवली. त्याला रडू येत होतं. झेंडा खालीच राहिला, गोल धरला गेला आणि क्लब बुडाला.

पुढचं सांगायला नको. क्लबनं त्याला नारळ दिला. ओळखीचे लोक रस्ता ओलांडून जाऊ लागले. न्हाव्यानं अर्धे केस कापल्यावर त्याला ओळखलं आणि कात्री खाली ठेवली. कोच एवढंच म्हणाले, "पंधरा वर्षं खोटा हात वर केलास. आणखी एकदा केला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही खरं केलंत ना? मग झालं तर," बायको म्हणाली. त्या एका वाक्याला धरून त्यानं वर्ष काढलं. गाड्या लावायच्या आवारात त्याला काम मिळालं, पण तिथेही पंचाईत. येणारी गाडी थांबवायला हात वर करावा तर तो खांद्याशीच अडे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. गाडी थांबवायची असली की सिग्नल स्वतःच तिच्यापुढे उभा राही.

वर्षभरानं एका दुपारी काका घरी आले. निवृत्त झाले होते. दारातूनच म्हणाले, "पंख्यावर धूळ फार साचलीय रे तुझ्या."

"दिसतं तुम्हाला?"

"मोतीबिंदू काढला. लख्ख दिसतं आता."

"कधी काढला?"

काकांनी टेबलावरच्या नॅपकिनची घडी मोडली, पुन्हा घातली. "तुमच्या त्या सामन्याआधी पंधरा दिवस."

आत स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?"

"स्वच्छ. हातभर पुढे होता तो. ऑफसाइड."

"मग झेंडा का नाही दाखवलात?"

"तुझा हात वर नव्हता ना," काका म्हणाले. "म्हटलं, डोळे काय, नवे आहेत, त्यांचा काय भरवसा? तुझा हात दोन वर्षांत कधी चुकला नव्हता."

सिग्नलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्याला स्वतःची लाज वाटली. वर्षभर उशाशी घेतलेलं ते एकमेव खरंही खोटं निघालं होतं. आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या धडधाकट डोळ्यांपेक्षा आपल्याला खरं मानलं होतं, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात खांदा कटकन वाजला. उजवा हात हळूहळू उठला, खांद्याशी न अडता पुढे गेला आणि पूर्ण ताठ वर होऊन थांबला, एक वर्ष उशिरानं.

काकांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग ते खुर्चीवरून उठले, पाठ ताठ केली आणि टेबलावरचा नॅपकिन उचलून उंच धरला.

बायको चहा घेऊन बाहेर आली. दोघं हात खाली घेईपर्यंत ती ट्रे धरून उभी राहिली.