कड्यावरचा बंकर

भाजीवाल्या वहिनीचं आणि तिच्या दिराचं बोलणं बंद होतं ते एका बंकरपायी. युद्धाच्या काळात समुद्रावर नजर ठेवायला बांधलेला, जाड काँक्रीटचा, बंदुकीपुरती फट ठेवलेला. सैनिक कधीच निघून गेले. बंकर मात्र त्यांच्या शेताच्या टोकाला, कड्यावर ठाण मांडून राहिला. दिराने त्याला फळ्यांचं दार बसवलं आणि आत शेळ्या बांधल्या. नवरा गेल्यावर वहिनी एकदा म्हणाली, "कडा ढासळतोय, शेळ्या माझ्या गोठ्यात आणा." हिचा जमिनीवर डोळा आहे, असा दिराने अर्थ लावला. तेव्हापासून दोघं एकाच बांधावरून तोंड फिरवून जात.

वादळ ओसरलं त्या सकाळी ती कुदळ घेऊन कोबीच्या वाफ्याकडे निघाली आणि जागीच थबकली. बंकरच्या अलीकडे गवतात लांबच लांब भेग पडली होती. बंकर समुद्राकडे कलला होता. आतून शेळी ओरडली, पाठोपाठ तिला चुचकारणारा दिराचा आवाज.

ती धावत भेगेपाशी गेली.

"भाऊजी, बाहेर या! जमीन फाटलीय!"

आतून उत्तर आलं, "झालं का पुन्हा सुरू?"

"भांडायचं ते नंतर भांडा. आधी बाहेर या!"

तेवढ्यात पायाखाली काहीतरी गडगडलं. बंकर आणखी खचला, माती उसळून दाराशी आली. दार बाहेर उघडणारं. आतून धक्क्यांवर धक्के बसले, पण ते तसूभर हलेना.

"वहिनी..." आवाजातला ताठा पार उतरला होता. "दार अडकलंय हो."

भेग ओलांडायची म्हणजे निसटू पाहणाऱ्या जमिनीवरच उभं राहायचं. तिने मागेपुढे पाहिलं नाही. उडी मारली आणि फळ्यांवर कुदळ घातली. खालची फळी फुटली तशा शेळ्या एकमेकींना ढकलत बाहेर सुटल्या. दुसरी फळी काही केल्या निघेना. कड्यावरून दगड सुटून खाली पडल्याचे आवाज येत होते.

शेवटी फळी निघाली. आतून आधी आली ती गाभण शेळी, मागून रेटणाऱ्या दिराच्या हातांसकट.

"अहो, तिला चार पाय आहेत! तुम्ही या!"

"ती अडकलीय!"

वहिनीने शेळीचे कान धरून ओढलं, मग दिराची कॉलर. शर्ट टराटरा फाटला. दोघं धडपडत भेग ओलांडून कोबीत येऊन पडली.

त्याच आठवड्यात बंकर खाली वाळूवर जाऊन आडवा झाला. दिराने काही न विचारता शेळ्या वहिनीच्या गोठ्यात नेऊन बांधल्या. तिने पाण्याची बादली पुढे केली. गाभण शेळी तिथेच व्यायली, तेव्हा रात्रभर शेजारी बसून होती ती वहिनी. आता दोघांची रोज खडाजंगी होते, शेळ्यांनी कोबी खाल्ला म्हणून, आणि ती रस्त्यापर्यंत ऐकू येते.