अर्ध्यात थांबवलेलं सोंग

परवा नातू फणफणत घरी आला. टीव्हीवाल्यांनी म्हणे कुठल्याशा हसवणाऱ्या कार्टूनचे काही भाग दाखवायचेच नाहीत असं ठरवलं, कुठल्या तरी समाजाची चेष्टा होती म्हणून. "विनोदच तर होता आजोबा, एवढं काय त्यात?" मला हसूच फुटलं. अरे बाबा, आपल्या जिल्ह्याला चांदा म्हणायचे ना, त्या काळात माझंही असंच बंद केलं होतं. आणि मीही अस्साच फणफणलो होतो!

माझं म्हणजे ढिवराचं, मासे धरणाऱ्याचं सोंग. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच भरते, घराघरात पाहुणे येतात आणि भरदुपारी झाडाखाली दंडार रंगते. नाच, गाणी आणि सोंगं. हसवायचं काम माझं. खांद्यावर जाळं आणि डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन ढिवर कचेरीत अर्ज द्यायला जातो. वासाने साहेब नाक धरून टेबलावर चढतो, कारकून टेबलाखाली घुसतो, अन् ढिवर घाबरून साहेबावरच जाळं फेकतो. काय हसायचे लोक! आम्ही धान पिकवणारे, मासोळी आम्ही फक्त ताटात पाहिलेली. पण जाळं खरं पाहिजे असा माझा हट्ट. ते तलावाकाठच्या ढिवरटोल्यातला, ढिवरांच्या वस्तीतला एक म्हातारा मला दरसाल द्यायचा, धुऊन, वाळवून, घडी घालून.

त्या साली तर माझे पाय जमिनीवर नव्हते. ब्रह्मपुरीकडच्या एका मोठ्या दंडारीचा म्होरक्या आमच्या मंडईला येणार होता, हसवणारा गडी शोधायला. रानात, बैलापुढे, जेवताना, जिथे तिथे माझं सोंग चालू. आई म्हणायची, "येडा झाला हा पोट्टा!"

अन् मंडईच्या दोन दिवस आधी पाटलांनी बोलावून सांगितलं, "तुयं सोंग नाई होत औंदा."

"काऊन?"

"ढिवरटोल्याचा निरोप आहे. ते सोंग झालं तं मंडईले मासोळी नाई. पाहुण्यायले काय वांगे खाऊ घालू का बे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं पोट धरून हसलेले हे लोक, अन् एका रश्श्यापायी माझं नशीब बुडवायला निघाले! तसाच तरातरा टोल्यावर गेलो. म्हातारा दारात बसून जाळ्याला गाठी मारत होता.

"भाऊ, हसण्यावारी नेलं पाहिजे ना," मी म्हणालो. "त्यात राग कायचा?"

"मी कुठी रागावलो? हसण्यावारीच नेतो." गाठ दातांनी आवळत तो म्हणाला, "तू कर ना तुयं सोंग. टोल्याले मी समजावतो. फक्त तुयं झालं का मंग मी एक सोंग करतो."

"कोणाचं?"

"तुया बापाचं."

मी टाळीच वाजवली! एवढंच ना? माझं सोंग वाचलं होतं, बाप कोणाच्या लक्षात राहतो? त्याने दिलेलं जाळं खांद्यावर टाकलं आणि पळत पाटलांकडे गेलो. म्हातारा पण एक सोंग करतो म्हणतो, एवढंच सांगितलं. कोणाचं ते सांगायचं त्या आनंदात राहूनच गेलं. पाटील हसले. "ढिवर काय सोंग करन? होऊन जाऊ दे."

मंडईच्या दिवशी झाडाखाली ही गर्दी! म्होरक्या पुढच्या खाटेवर, त्याच्या शेजारी पाटील आणि माझा बाप. ढोलकी घुमली आणि मी उतरलो. असा रंगलो, असा रंगलो की काय सांगू! साहेब टेबलावर चढला तेव्हा म्होरक्या मांडीवर थापा मारत होता. फक्त डाव्या अंगाला टोल्यातल्या बाया बसल्या होत्या. त्यातली एक हळूच स्वतःच्या पदराचा वास घेऊन पाहत होती. ते दिसलं मला. पण हशा एवढा मोठा होता, मी पुढे गेलो.

मग म्हातारा उठला. रंग नाही, कपडे नाहीत. नुसतं धोतर वर खोचलं, खाकरला, आणि तिथे माझा बाप उभा राहिला! तीच मान, तेच पोट. माशाच्या टोपलीपुढे येऊन एका हाताने त्याने नाक दाबलं आणि दुसऱ्या हाताने एकेक मासोळी दाबून पाहू लागला. "शी शी शी, काय वास मारून राह्यला!" म्हणत सगळ्यांत मोठी मरळ उचलली, नाक न सोडता धोतरात लपवली. घरी जाऊन जेवायला बसला. घास नाकाजवळ नेला, डोळे मिटले, हुंगला, बोटं चाटली, पुन्हा चाटली. आधी टोला हसला, मग आमच्याच घरच्या बाया हसल्या, माझी आई तर डोळे पुसायला लागली. मी तर लोळलो! आपल्याहून सवाई गडी समोर आहे हे मला कळत होतं आणि तरी आनंद मावत नव्हता.

म्हाताऱ्याने बोट वर केलं, पुढचा भाग आहे अशी खूण केली, तेवढ्यात पाटील ताडकन उभे राहिले. "बंद करा ते! मोठ्या माणसाची चेष्टा करतोस?" ढोलकी थांबली. बाप मान खाली घालून निघून गेला. माझं सोंग सहा वर्षं चाललं होतं, त्याचं पुरतं एकदाही झालं नाही.

म्होरक्याने जाताना माझा खांदा धरला. "तू चांगला आहेस. येशीन तं ये. पण त्या बुढ्याच्या सोंगात पुढं काय होतं, ते मले इचारून सांग."

निवड झाली! मी पाखरासारखा टोल्यावर उडालो. म्हातारा दारात पाय धूत होता.

"भाऊ, काय केलं तुमी! पुढं काय होतं सांगा ना."

"पुढं काय, थोडसंच होतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "जेवण होते. मंग त्याचा पोट्टा हसत हसत माया दारात येते, आमचंच सोंग कराले जाळं मागाले. अन् मी ते धुऊन देतो."

त्याने हात पुढे केला. जाळं अजून माझ्या खांद्यावरच होतं.