बंद ठेवलेली युक्ती

ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणत, आणि तिलाही ते नाव आवडायचं. प्रोसेसर बनायला जाण्याआधी त्याचा आराखडा डोळ्यांत तेल घालून तपासायचा आणि त्यात खोट काढायची, याचाच तिला पगार होता. अडचण एवढीच, की तो आराखडा रचणाऱ्यांत तिचा नवराही होता.

प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे हिशेब करणारे मेंदू, आठ. आठ जण मिळून एकच काम करतात, तेव्हा एकाने आकडा बदलला की बाकीच्यांना तो कळावा लागतो. नाहीतर मोठ्या कुटुंबात होतो तसा घोळ, जो तो आपलंच खरं धरून बसतो. नवऱ्याची युक्ती अशी, की कोअरने इतरांच्या होकारासाठी ताटकळायचं नाही. पुढे निघायचं आणि चुकलं तर गुपचूप मागे यायचं. या युक्तीपायी त्याने काही वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं. वेग खरंच वाढला होता.

आराखडा कारखान्यात जायच्या आठवड्यात तिच्या चाचणीत दोन कोअर एकाच आकड्याबद्दल वेगवेगळं बोलले. एकदाच. कारण शोधायला तिने कोअरची प्रत्येक हालचाल टिपणारा पहारा बसवला, तर त्या पहाऱ्यानेच सगळ्यांची चाल किंचित मंदावली आणि चूक गायब झाली. पहारा काढला, तरी परत दिसेना.

"एकदा दिसलं म्हणजे आहे," ती म्हणाली.

"मग दाखव ना," नवरा म्हणाला. "पुरावा नसताना माझं काम बंद करशील?"

अशा वेळेसाठी आराखड्यात एक स्विच ठेवलेला असतो. तो बंद केला की युक्ती झोपते. प्रोसेसर हळू, पण बिनधोक चालतो. साहेबांनी निर्णय तिच्यावर ढकलून हात झटकले. तिने स्विच बंद ठेवायला सांगितला.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. प्रोसेसर बनून आले, तेव्हा नवऱ्याने प्रयोगशाळेतल्या एकावर युक्ती चालू करून तो अखंड पळवायला घेतला. रोज जेवताना सांगायचा, "आजही काही नाही." ती "बरं" म्हणायची आणि ताटात बघायची. कारण युक्तीत चूक निघावी म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. आपल्याच माणसाचं काम खोटं ठरावं म्हणून. तिला स्वतःची लाज वाटायची, पण इच्छा काही जात नव्हती.

एका संध्याकाळी तो लवकर आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"चुकला," तो म्हणाला. "दोन कोअर, दोन आकडे. तुझंच बरोबर होतं."

तिला इतकं हायसं वाटलं, की चेहरा सावरायला उशीर झाला. तेवढ्यात त्याने तो पाहिला.

"खूश आहेस," तो म्हणाला.

तिला नाही म्हणता आलं नाही.