पासवर्ड माझ्याकडे होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मी बनारसमध्ये मुलींच्या एका शाळेत संस्कृत शिकवायची. आमचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, आणि चार घरं सोडून मंजिरीचं. तिचे वडील भिक्षुकी करायचे. शाळेत ती मला मॅडम म्हणायची, गल्लीत पाय ठेवला की मावशी. लहानपणापासून संध्याकाळी माझ्याकडे येऊन शब्दरूपं पाठ करायची, आणि मी निवडत असलेल्या डाळीतले खडे माझ्याआधी काढायची. ती माझी होती — असं मी धरूनच चालले होते. कुणी सांगितलं होतं मला तसं?

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा शाळेत कॉम्प्युटर आले, आणि ते शिकवायला शुभदा आली. पुण्याची, नवऱ्याची बँकेत बदली झालेली, माझ्याहून बरीच लहान. मंजिरी तेव्हा अकरावीत. वर्षभरात तिची वेणी शुभदासारखी झाली, हसणं शुभदासारखं झालं. एकदा मी म्हटलं, माझा चष्मा गुम झाला. तर ही म्हणते, "मावशी, हरवला म्हणायचं. शुभदा मॅडम सांगतात, गुम हिंदी आहे." आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वस्तू गुमच होत आल्या! मी हसले. पण अंगाची नुसती आग झाली.

मग इंटरनेट आलं. गोदौलिया चौकाकडे विदेशी लोकांसाठी सायबर कॅफे निघाले. मुली तिथून शुभदाला ई-मेल करायच्या, आणि ती त्यांना घरून उत्तरं द्यायची. प्रिन्सिपल मॅडमना काळजी वाटली. यावर काही नियम हवा, म्हणाल्या, आणि काम माझ्यावर सोपवलं — मी ज्येष्ठ, त्यात संस्कृतवाली. मी लिहून दिलं: शिक्षिकांनी मुलींना स्वतःच्या पत्त्यावरून लिहायचं नाही, मुलींनीही त्या पत्त्यावर लिहायचं नाही. शाळेचा एकच पत्ता राहील, त्यावर येईल ते एका ज्येष्ठ शिक्षिकेने आधी वाचायचं आणि मग जिचं तिला पोचवायचं. ती शिक्षिका अर्थातच मी.

नियम वाईट होता का? नव्हता. आज कुणी विचारलं तरी मी म्हणेन, असाच करा. पण तो लिहिताना माझ्या मनात मुलींची काळजी नव्हती — मंजिरीची ती नवी वेणी होती. शुभदाने एका शब्दानेही विरोध केला नाही. "बरं झालं ताई, तुम्ही आहात म्हणजे काळजी नाही," म्हणाली. मला त्याचाही राग आला.

बारावीची परीक्षा झाली, सुट्टी लागली, शुभदा पुण्याला गेली. मी दर सोमवारी शाळेत जाऊन मोडेमची कुरकुर ऐकत बसायची. एका सोमवारी मंजिरीचा ई-मेल आला होता — शुभदाच्या नावाने, इंग्रजी अक्षरांतली मराठी. पप्पांनी ग्वाल्हेरचं स्थळ जवळजवळ पक्कं केलंय. मला शिकायचंय. पुण्यात ॲडमिशन मिळेल, तुमच्या सासूबाईंकडे राहता येईल, असं तुम्ही म्हणाला होता ना? पप्पांना फोन करा. ते तुमचंच ऐकतील. आणि शेवटी — मावशी, तुम्ही वाचाल तेव्हा मॅडमना लगेच पाठवा, प्लीज.

चार घरं सोडून राहत होते मी! तिचे वडील मला परकर-पोलक्यात असल्यापासून ओळखत होते. आणि माझ्याकडे तिने काय मागितलं? पोस्टमनचं काम.

मी ते पाठवलं नाही. पुसून टाकलं. मशीन बंद केलं, आणि घरी येताना अर्धा किलो परवल घेतले.

आठवड्याने ती आली, डोळे सुजलेले. "मावशी, मॅडमचा जवाब आला?" मी म्हटलं, "पाठवलं होतं गं. त्यांचं काही उत्तर नाही." ती माझ्या कुशीत शिरून रडली — आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. तिच्या वडिलांशी मी तरी बोलू शकले असते. बोलले का? नाही. लग्नात तिच्या मुंडावळ्या मीच बांधल्या.

जुलैत शुभदा परतली. मंजिरीचं लग्न झालेलं ऐकून तडक माझ्याकडे आली. "मला कळवलं का नाही हो तिने?" — हे तिने मलाच विचारलं. लग्नाच्या गडबडीत राहिलं असेल, मी म्हटलं. पुढे शुभदाच्या नवऱ्याची बदली झाली. त्या दोघी परत कधी भेटल्या नाहीत.

मंजिरी माहेरी येते तेव्हा आधी माझ्याकडे येते, मग आईवडिलांकडे. गेल्या खेपेला मुलीला घेऊन आली. लवंगलता मिठाईचा डबा माझ्या हातात ठेवला आणि मुलीला म्हणाली, "बेटा, पाया पड. तेव्हा सगळ्यांनी मुँह फेरलं होतं. ही मावशी एकटी माझी होती." पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शुभदाचं नाव मंजिरीने इतक्या वर्षांत एकदाही काढलेलं नाही. मला जे हवं होतं, ते मला सगळं मिळालं.