मालगाडीचा डबा

“हे शेजारच्या आजींच्या नातवाचं खेळणं,” असं म्हणून त्यानं मालगाडीचा तो छोटा डबा पाहुण्यांसमोर माझ्या हातात दिला. मला नातू नाही. पाहुणे साताऱ्याहून त्याची मुलगी बघायला मिरजेला आले होते, आणि फळीवरचा डबा बघून हसले होते.

चहा घेऊन आलेली पोरगी म्हणाली, “आवं अण्णा, तुमीच केलाय की त्यो!”

हा माझा शेजारी कचेरीत कारकून आहे. सुट्टी असली की मालधक्क्यावर उभ्या डब्यांसमोर मान वाकडी करून बसतो आणि घरी येऊन तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तसाच डबा करतो. असेच डबे करणाऱ्या सांगलीतल्या मित्राशी फोनवर त्याचं भांडण चालतं. “खऱ्या डब्याचं दार भाईर उघडतंय गड्या, तुझं आत जातंय. पोती काय छपरातनं टाकणार हायस?” एरवी त्याचा आवाज भिंतीपलीकडं येत नाही, पण दाराच्या कडीवरून जुंपली की गल्लीभर ऐकू येतो.

त्या दिवशी पोरीकडं न बघताच तो म्हणाला, “कायबी बोलतीया ती. नातवाचाच हाय. व्हय ना, आजी?”

“व्हय,” मी म्हणाले. डबा मांडीवर धरून खाली बघत बसले.

लग्न झालं. बघायला गेलो त्याच दिवशी ही खोटं बोलली, असं तिची सासू अजून चारचौघांत म्हणते. ते पोरीला ऐकून घ्यावं लागतं. त्याला नाही, आणि मलाही नाही.