वाळूची जीभ

वेल्ह्याच्या शाळेत मी भूगोल शिकवते, पण वाळूचा दांडा मला खरा कळला तो धरणाकाठच्या एका शेतकऱ्यामुळे. सत्तरी ओलांडलेले, कानावर विडी खोचलेली, आणि कुणालाच घाई नसली तरी प्रत्येक वाक्याआधी "थांबा की".

त्यांच्या रानाजवळ तिरप्या वाऱ्याच्या लाटा काठाकाठानं वाळू पुढं ढकलतात. काठ आत वळतो तिथं लाटांचा जोर सरतो, वाळू खाली बसते आणि तिची लांब जीभ पाण्यात वाढत जाते, तोच हा दांडा. पुढच्या वाडीची गुरं या वाळूवरूनच पाण्यावर यायची.

लाटा रान कापू लागल्या, म्हणून त्यांनी पाण्यात दगडांचा बांध घातला. रान वाचलं. दोन वर्षांत जीभ मात्र निम्मी झाली आणि वाळू गेलेल्या जागी वाडीची एक म्हैस चिखलात रुतून मेली.

"बाबा, पाण्यानं जीभ खाल्ली," मी म्हणाले.

"थांबा की, बाई. पाण्यानं न्हाई, म्या खाल्ली. तिची वाळू माज्या बांधानं अडीवली."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचाच बांध मोडायला पाण्यात उतरले. घरचे भांडले, शेजारी हसले. रोज पाच दगड काढायचे ते त्यांनी काढलेच.

परवा मी शाळेच्या मुलांना घेऊन तिथं गेले, तर ते वाढलेल्या जिभेच्या टोकावर उभे होते.

"बाबा, तुमचं रान कुठंय?" एका मुलीनं विचारलं.

"थांबा की," ते म्हणाले आणि पायानं वाळू दाबली. "थोडं तिकडं हाय. थोडं हितं आलंय."